पाहुण्याचे बूट

"काका, तुम्ही धावपटू आहात की पायात काटा मोडलाय?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून केनियातल्या इतेन गावात मटाटूच्या, म्हणजे वडाप गाडीच्या रांगेत जेरोतिचने पुढच्या लंगडणाऱ्या माणसाला विचारूनच टाकलं. उत्तर त्याच्या बायकोने दिलं.

"काटा परवडला गं, काढता तरी येतो! ह्यांना बूट चावलेत."

"चावले नाहीत. सैल होताहेत."

"मका पेरला, काढला, तरी सैलच होताहेत!"

"सरावाला आलेला परदेशी पाहुणा जाताना देऊन गेला, मुली. एवढे भारी बूट!"

"त्याने विचारलं, बसतात ना? तर हे म्हणे, जणू माझ्याच मापाचे. आता नखं बघ, कोळसा!"

"नाही म्हटलं असतं तर शेजारच्या किमेलीला दिले असते त्याने."

"मग किमेली लंगडला असता. तुम्ही हसला असता."

"होते गं सवय."

"बुटांना, की पायांना?"

मैत्रिणी खिदळल्या. जेरोतिचही हसली.

"तुझेही बूट नवेच दिसतात की गं?"

"बाबांना एका पाहुणीने दिले, मावशी. शनिवारच्या निवड-शर्यतीसाठी."

"बसतात ना?"

"हो तर! जणू माझ्याच..."

तिने जीभ चावली. मावशी मात्र हसत सुटल्या.

घरी पोचताच तिने बूट काढून उंबऱ्यावर ठेवले. दोन्ही अंगठे सुजून लाल झाले होते.

"आई, बाबा, शनिवारी मी अनवाणी धावणार. आणि जिंकले, तर पुढचे बूट आधी मी पायात घालून बघेन, मगच ते घरात येतील!"