चौदा ते सतरा

...आणि वर बायको मलाच म्हणते, 'एक पान उलटायचं होतं हो तुम्हाला, एक पान!' अहो, एक उलटलं असतं तर प्रश्नच नव्हता. मी तीन उलटली, तीच तर बोंब आहे!

पण तुम्हीच सांगा, मान हलली, पान उलटलं, यात माझं काय चुकलं? सव्वीस वर्षं झाली मला नोंदणी कार्यालयात. माझं काम काय? साहेबांच्या डाव्या हाताला उभं राहायचं, फाईल धरायची, साहेब सही करतात, मान हलवतात, मी पान उलटतो. सही, मान, पान. सही, मान, पान. एक साहेब तर खुर्चीतल्या खुर्चीत पेंगायचे, त्यांची मान आपोआप हलायची, तरी मी पान उलटलं, आणि त्या झोपेत त्यांनी चार बदल्या मंजूर केल्या. कुणी तक्रार केली? एकाने नाही! उलट त्या चौघांनी पेढे... जाऊ द्या, ते वेगळं.

तर आमचा मेहुणा. म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पियानो वाजवतो. नुसता वाजवत असता तर म्हटलं असतं, चला, घरोघरी मातीच्या चुली. पण हा स्वतः रचतो! आणि रचतो काय, तर शास्त्रीय आणि जॅझ एकत्र! मला एकदा समोर बसवून समजावलं त्याने. 'भावोजी, हे जे जुनं पाश्चात्त्य शास्त्रीय आहे ना, त्यात सगळं लिहिलेलं असतं. कुठला सूर, किती जोरात, कुठे थांबायचं, सगळं.' म्हटलं, म्हणजे आमचं कार्यालय. 'आणि जॅझमध्ये आयत्या वेळी सुचेल ते.' म्हटलं, म्हणजे तुझी ताई. तर तुम्हाला सांगतो, हा गृहस्थ गेली सहा वर्षं आमचं कार्यालय आणि माझी बायको एकत्र करतोय. अहो, मला सव्वीस वर्षांत जमलं नाही ते!

आणि करतोय कुठे? माझ्या घरात! त्याच्या जिन्यावरून पियानो वर जाईना, म्हणून 'दोन महिने तुमच्याकडे राहू द्या, भावोजी.' त्या दोन महिन्यांना आता अकरा वर्षं झाली. पियानो हॉलमध्ये आला, सोफा गॅलरीत गेला. मी आपला पेपर सोफ्यावर बसून वाचतो, म्हणजे गॅलरीत, आणि पाऊस आला की छत्री धरून. समोरच्या इमारतीतले लोक मुलांना दाखवतात, 'ते बघ, ते काका.'

बरं, गावातलं ते मोठं संगीतगृह आहे ना, त्यांची समिती वर्षाला एकच नवी रचना निवडते. एकच! निवडली की वर्षभर कार्यक्रम, शिवाय छापून येते, म्हणजे माणूस रचनाकार म्हणून उभा राहिला. आमच्या मेहुण्याची दोनदा परत आली होती. ह्या वेळी समिती म्हणाली, वाजवून दाखवा, लोकांसमोर. हा येऊन ताईसमोर बसला आणि म्हणाला, 'ताई, यंदा नाही झालं ना, तर मी लिहायचं बंद करतो. झाकण लावून टाकतो. पोरांना सरगम शिकवीन आणि गप्प बसेन.' एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पण असा बसला होता की मलाही, काय सांगू, कसंतरीच झालं. आणि हिच्या डोळ्यांत पाणी. आता हिच्या डोळ्यांत पाणी आलं की पुढचं सगळं माझ्या अंगावर येतं, हा आमच्या घरचा नियम आहे.

आलंच! कार्यक्रमाला दोन दिवस उरलेले, आणि त्याची पानं उलटणारी जी विद्यार्थिनी होती तिचं बोट गाडीच्या दारात सापडलं. पोरीच्या बोटाला हे एवढं बँडेज. ही लगेच, 'अहो, तुम्ही जा ना! दिवसभर दुसरं करता काय तुम्ही?' ...यावर काही उत्तर आहे का? मी मेहुण्याला म्हटलं, 'अरे, तुझंच लिहिलेलं ना? मग पाठ नाही तुला?' तर म्हणतो, 'समोर पान नसलं की मी लिहिलेलं सोडून सुचेल ते वाजवायला लागतो, भावोजी. पान मला धरून ठेवतं.' म्हणजे बघा, गाडी ह्याची, आणि ब्रेकवर पाय माझा!

मग तालीम. डाव्या बाजूला बसायचं. वेळ आली की उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरायचा, हात त्याच्या डोळ्यांसमोर आणायचा नाही, कागदाचा आवाज करायचा नाही. आणि जिभेला बोट लावायचं नाही! म्हटलं, मग पान सुटणार कसं? कार्यालयात आमच्याकडे डबीत ओला स्पंज असतो. 'स्टेजवर स्पंज नको, भावोजी.' आणि सगळ्यात मुख्य म्हणे, 'तुम्ही दिसायचं नाही.' अहो, नव्वद किलोचा माणूस, लग्नातला काळा कोट घातलेला, त्याचं मधलं बटण कधी कुणाचा डोळा फोडील याचा नेम नाही, डोक्यावर दिवे, समोर तीनशे लोक... आणि दिसायचं नाही!

आता ऐका, खरी मेख इथे आहे. मला म्हणाला, 'शास्त्रीय भागात मी मान हलवली की पान उलटा. जॅझच्या भागातही मान हलेल, पण ती ठेक्यावर हलते, तिकडे लक्ष देऊ नका. तिथे मी "हं" म्हणेन, तेव्हा उलटा.' म्हटलं, ठीक आहे. फक्त एवढं सांग, शास्त्रीय संपून जॅझ सुरू कुठे होतं? तर हसला. अहो, खूश होऊन हसला! 'भावोजी,' म्हणाला, 'तेच कुणाला कळू नये म्हणून तर सहा वर्षं घातली!'

आता बोला! कळू नये हीच त्याची कला, आणि कळल्याशिवाय माझं काम होत नाही! म्हटलं, निदान पेन्सिलने एक बाण काढून दे, 'इथून जॅझ'. तर पानावर पेन्सिल धरून दहा मिनिटं बसला, आणि म्हणतो, 'मलाच नेमकं सांगता येत नाहीये.' ज्याचं त्याला सांगता येत नाही, आणि नोंदणीवाल्याला कळावं?

झालं. संध्याकाळी सहाला कार्यक्रम. समिती पहिल्या रांगेत, मध्ये अध्यक्षबाई, चष्मा दोरीला लावलेल्या. ही चौथ्या रांगेत, हातात रुमाल तयार. आणि प्रेक्षक म्हणाल तर अर्धे शास्त्रीयवाले, अर्धे जॅझवाले. शास्त्रीयवाले शेवटपर्यंत टाळी वाजवत नाहीत, खोकलासुद्धा राखून ठेवतात. जॅझवाले मध्येच वाजवतात. तर झालं काय, इकडून टाळी पडली की तिकडून 'श्शू!', तिकडच्या 'श्शू'वर इकडून 'का हो?'... आणि ह्या सगळ्याच्या मध्ये मी, न दिसता बसलेला.

बारा पानं निभावली, देवाशपथ निभावली. तेराव्याच्या शेवटी त्याने मान हलवली, मी उठलो, उलटलं, चौदा-पंधरा समोर आलं. अगदी बरोबर! मनात म्हटलं, वा रे पठ्ठे! खाली बसणार, तोच मान हलली. आता ही कुठली मान? 'हं' म्हणाला का? ऐकू तर आलं नाही. पण टाळी पडली होती, 'श्शू' झालं होतं, त्यात 'हं' बुडाला असेल तर? मी विचार करतोय, आणि हात? हात विचार करत नाही हो! हाताला सव्वीस वर्षांची नोकरी आहे! मान हलली, पान उलटलं. सोळा-सतरा. परत मान हलली! परत उलटलं! अठरा!

त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी मागे उलटायला हात घातला, तर दातांतल्या दातांत म्हणाला, 'राहू द्या.' आणि डावा हात तसाच ठेक्यावर फिरत ठेवला, उजवा हात क्षणभर हवेत थांबला... आणि धाडकन अठराव्या पानावर उतरला. पुढचं मला काही ऐकू आलं नाही, माझ्याच कानात कार्यालयाची घंटा वाजत होती. मनात एकच, गेलं याचं. सहा वर्षं गेली, आणि माझ्या अंगठ्याने गेली.

आणि सभागृह उठून उभं! शास्त्रीयवाले, जॅझवाले, सगळे! अध्यक्षबाई स्टेजवर आल्या, चष्मा हातात, 'अहो, आजवर सगळे जोडत बसले! तुम्ही जोडलंच नाहीत! तिथून सरळ इथे उडी! केवढं हे धाडस!' हा म्हणतो, 'हो... म्हणजे... ते...' आणि माझ्याकडे बघतो. मी कोटाच्या बटणाकडे बघतो. 'निवडलीच समजा,' बाई म्हणाल्या. 'फक्त एक करा, ती उडी आज होती तश्शीच ठेवा. छापतानासुद्धा.' चौथ्या रांगेत हिचा रुमाल ओलाचिंब. आनंदाने हो! तिला काय माहीत!

आता तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला, चुकलं ते बरंच झालं की! मीही तेच म्हणत होतो. पण बाहेर पायऱ्यांवर तो माझ्याजवळ आला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, 'भावोजी, चौदा ते सतरा.' म्हटलं, 'काय होतं त्यात?' तर म्हणाला, 'तिथेच ती दोन्ही एकत्र येत होती. आधी ती चारच पानं लिहिली होती मी. बाकीचं सगळं तिथपर्यंत पोचायचा रस्ता होता.'

रस्ता लोकांना आवडला, आणि गाव मी उडवून लावलं!

बाईंना खरं सांग म्हटलं. मीच जातो, सांगतो, चूक माझी आहे. तर म्हणाला, 'आणि त्यांना ती चार पानं आवडली नाहीत तर?' झालं, मी उचललेलं पाऊल मागे घेतलं. घरी आल्यावर हिला सांगितलं, तर तेव्हापासून 'एक पान हो, एक पान!' सुरू आहे. तिचंही खरं आहे. आणि माझंही, मान हलली, पान उलटलं... पण आता ते म्हणताना जोर येत नाही हो.

पुढे छापखान्यात प्रत जायची वेळ आली, तेव्हा त्याने ती पानं वहीतून सोडवली आणि मला दिली. 'तुमच्याकडे ठेवा, भावोजी. तुम्हाला रेकॉर्ड ठेवायची सवय आहे.' मी फाईल केली. वर क्रमांक घातला. विषय काय लिहावा कळेना, तो कोराच ठेवलाय. दर रविवारी सकाळी हा येतो, चहा घेतो आणि म्हणतो, 'काढा.' मी फाईल काढतो. तो वाजवतो, मी डाव्या बाजूला बसतो. चार पानांत एकदाच उलटावं लागतं. पहिले काही रविवार मान हलवायचा. आता हलवत नाही. मला कळतं. मला, ज्याला शिट्टी धड वाजवता येत नाही, त्याला कळतं हो, कुठे माझं कार्यालय संपतं आणि कुठे ही सुरू होते... नाही, चुकलो. ते कळतच नाही. तेच तर छान आहे त्यात. मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन पेपर उलटा धरून बसलो होतो. असं वाटलं, जगातल्या प्रत्येकाला हाताला धरून आणावं आणि आमच्या हॉलमध्ये बसवावं. पण तो म्हणतो, नको.

मागच्या आठवड्यात पाचवा कार्यक्रम झाला. तिकीट काढायलासुद्धा रांग! पानं उलटायला ती विद्यार्थिनी, बोट बरं झालेली. मी प्रेक्षकांत, हिच्या शेजारी. तेरावं पान आलं, तसं माझ्या नकळत मी गुणगुणायला लागलो. स्टेजवर अजून तेरावंच, आणि माझ्या तोंडात चौदावं. ही कोपर मारते, 'अहो, लोक बघतायत!' पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते, ते वाकून म्हणाले, 'गोड आहे हो चाल. पण ही यात नाहीये.' म्हटलं, 'होती. माझ्या हातून उलटली गेली.' त्यांना काय कळलं देव जाणे. तेवढ्यात स्टेजवर ती उडी आली, धाडकन, आणि सगळं सभागृह टाळ्यांत बुडालं. गृहस्थांचे डोळे चमकत होते, म्हणाले, 'बघा, ही जागा! ही एक जागा ऐकायला मी तिसऱ्यांदा आलोय!'

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? ...मीही वाजवल्या टाळ्या.