नाना दारात थांबले

माझं लग्न कसं जमलं, सांगू? मी बोलत नाही म्हणून दोन स्थळं परत गेली होती. त्या दिवशी भाचीसाठी केलेले लाकडी आगगाडीचे रूळ मी जुळवून बघत होतो. ते पार उंबऱ्यापर्यंत आले होते. तेवढ्यात नरडाण्याहून मुलीचे वडील, नाना, मला बघायला आले. रेल्वे फाटकावर जन्म गेलेला माणूस. रूळ पाहून दारातच थांबले.

आई म्हणाली, "या ना आत."

"आधी गाडी जाऊ द्या, अक्का."

इंजिनाला अजून चाकं नव्हती. मी गुडघ्यांवर बसून ते ढकलत नेलं.

"आणि शिट्टी?"

मी डोळे मिटून तोंडानं जोरात शिट्टी दिली.

नाना आत आले. म्हणाले, "लोके सांगतस, पोरगा मुका शे. शिट्टी तं खणखणीत शे. पोरगी दिली!"