अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

पिस्कॅटवेच्या डायलिसिस सेंटरमध्ये मी आईची वाट पाहत बसले होते. समोर एक मराठी जोडपं होतं. काकांच्या गळ्याशी डायलिसिसच्या नळीवरची पट्टी दिसत होती.

काका काकूंना म्हणाले, "आज नर्सला मला थंडी वाजल्याचं सांगायचं नाही, कळलं? लगेच अ‍ॅडमिट करतील. शनिवारी विमानाने फ्रिस्कोला जायचंय, नातवाची मुंज आहे."

"काल सकाळी भर जुलैच्या उकाड्यात दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत होतात."

"पण ताप कुठे होता? अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! मी स्वतः पाहिला."

"मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला तेव्हाही तेवढाच होता. ताप यायलासुद्धा अंगात प्रतिकारशक्ती लागते. तुमची पेंगतेय."

"आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन मिळतं मला. माझ्याइतकं स्वच्छ रक्त या हॉलमध्ये कुणाचं नसेल."

"वा! इंजिनिअर ना तुम्ही? ते मशीन युरिया काढतं, जंतू नाही. उलट या नळीवाटेच जंतू आत शिरतात. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं, तेव्हा तुम्ही फोनवर विमानाची तिकिटं बघत होतात."

"हळू बोल. ती बाई मराठी दिसते."

"असू दे. तिलाही कळू दे."

नर्स आली.

"एनी फीवर? एनी चिल्स?"

"नो, नो. ऑल गुड."

"चिल्स, यस," काकू म्हणाल्या. "यस्टर्डे. टू ब्लँकेट्स."

"अगं!"

"मुंजीत तुम्ही स्क्रीनवर दिसायचं की हार घातलेल्या फोटोत, ते ठरवा."

काका उठले, नर्सच्या मागून दोन पावलं गेले आणि वळले.

"आयपॅड चार्ज केलायस का?"