एका 'ओ'पायी

...आता मला सांगा, दात हलतोय माझा, ठणकतंय मला, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई बोट कुणावर ठेवतात? 'ओ'वर! हसू नका हो, खरंच सांगतो. सगळं एका 'ओ'पायी!

मी खुर्च्या-सोफ्यांना कापड ठोकणारा म्हातारा. चुका, म्हणजे बारीक खिळे, दातांत धरायच्या, एकेक काढायची, ठोकायची... जन्म गेला त्यात. पुढचे दात म्हणजे माझा तिसरा हात! तेच डुगडुगायला लागले, तर काम करू कशानं? हिरड्यांनी?

तर बाई म्हणाल्या, "आजोबा, हिरडीत बारीक दोर असतात. त्यात प्रोलीन नावाचे मणी. मण्याला 'ओएच', म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, चिकटली की त्याचं होतं हायड्रॉक्सिप्रोलीन, मग दोर पीळ धरतो. तुमच्या मण्यांना 'ओ'च लागत नाहीये!"

झालं! शेजारी आमची ही. फिस्सकन हसली. "मण्यांचं काय घेऊन बसलात, डॉक्टर? हे अख्खेच्या अख्खे ओ देत नाहीत! रोज संत्रं सोलून हाका मारते, अहो... अहो... भिंत बोलेल एखादे दिवशी!"

अगं, पण तोंडभर चुका असताना ओ देऊ कसा? गिळू?

"चुका तोंडात नाहीत, वागण्यात आहेत," ही म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग संत्रं कोण खातं?"

"मीच! टाकून देऊ?" आणि हिनं दाखवले की दात... भिंतीत चिणल्यासारखे!

"तेच तर! 'ओएच' चिकटवायला सी जीवनसत्त्व लागतं. ते संत्र्यात!"

म्हणजे बघा... मी ओ देत नाही म्हणून संत्रं नाही, संत्रं नाही म्हणून मण्याला ओ नाही, मण्याला ओ नाही म्हणून दोर ढिला, आणि दोर ढिला म्हणून मी असा! सगळं एका 'ओ'पायी!

घरी आलो. चुका तोंडाऐवजी वाटीत काढल्या, कान टवकारून बसलो. आली हाक... "अहो!" मी छाती भरून, आ वासून, "ओऽऽऽ!"

...आणि दात टुणकन वाटीत!

आता उरलेले वाचवायचेत, म्हणून रोज जीव तोडून ओ देतो हो. पण त्या फटीतून 'ओ' निघतच नाही, निघतं 'फू'! आणि ही आतून ओरडते, "अहो, ओ देताय की मी खाऊ?"

मी फू फू करत पोचेपर्यंत... सालपटं!