घडीची होडी

दापोलीच्या दवाखान्यात माझी बायको कमला वारल्याचं मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी रत्नागिरीच्या स्टँडवर दापोलीच्याच एसटीची वाट बघत होतो. शेजारी एक तरुण जोडपं भांडत होतं.

"ऋजुता, घडीची होडी नको. कापडीच ती, खडकाला लागली की फाटायची."

"आणि तू आणलेली कडक प्लास्टिकची कुठे आहे, सलिल?"

"अंगणात."

"तिच्यात सासूबाईंनी आमसुलं वाळत घातलीयत. पाणी तिने अजून पाहिलेलं नाही."

"न्यायला टेम्पो मिळत नाही, त्याला मी काय करू?"

"म्हणूनच म्हणते, घडीची घे. पिशवीत बसते, एसटीतून नेता येते. रविवारी आरे-वारेच्या खाडीत दोघं फिरून येऊ."

"पुढच्या मे महिन्यात बघू."

"गेल्या मे महिन्यातही हेच म्हणालास. माझे गुडघे गेल्यावर बसवणार आहेस का होडीत?"

"हळू बोल. काका ऐकतायत."

"ऐकू देत. काका, तुम्हीच सांगा याला. तुम्ही काकूंना नेलंत ना कधी होडीतून?"

"नाही," मी म्हटलं. "न्यायचं राहिलं."