बारा दिवसांची भिंत

डोळ्यांच्या दवाखान्यात गणिताच्या निवृत्त बाई औषध घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, बाबांनी तुला गृहपाठातलं कुठलं गणित सोडवून दिलं होतं गं?”

“सहा गवंडी दहा दिवसांत भिंत बांधतात, तर चार गवंडी किती दिवसांत? बाबा स्वतः गवंडी! म्हणाले, ‘चौघं असले की गप्पा कमी. बारा लिही.’”

“आणि फुली मिळाली!”

“दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत हजर. ‘बाई, ही फुली माझी, पोरीची नव्हे.’”

“मग?”

“बाईंनी खुर्ची दिली, त्रैराशिक शिकवलं. पंधरा आले. बाबा रोज संध्याकाळी बाईंकडे अक्षरं गिरवायला जाऊ लागले. महिन्याभरानं त्याच फुलीखाली सही केली. तोवर नुसता अंगठा होता.”

“वही आहे अजून?” मिटल्या डोळ्यांनीच बाईंनी विचारलं.

“आहे की, आजी.”