झाडाला लावलेली जाळी

मित्रहो, पार्वताबाई,

मळणी अर्धी पडली आहे, आणि तुम्ही सगळे आलात. पार्वताबाई पहिल्या ओळीत बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून बोलणं मला अवघड आहे. पण दुसरीकडे बघून बोललो, तर ते खोटं होईल.

मी इथला ग्रंथपाल. मराठीचा एम.ए. म्हणून या कृषी महाविद्यालयातला प्रत्येक अर्ज टाइप होण्याआधी माझ्याकडे येतो. सुरक्षा समितीचा सचिवही मीच.

मंगळवारी दुपारी मळणी यंत्राच्या पट्ट्यानं यंत्रावर काम करणाऱ्या देवाजीभाऊंचा थंडीसाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा धरला. दुपट्ट्यानं मान ओढली. मानेपाठोपाठ हात गेला. मी ग्रंथालयातून धावत पोचलो, तेव्हा पट्टा त्यांना लोखंडावर आपटत होता. एकदा नाही. पुन्हा. पुन्हा. नवऱ्याला द्यायची धानाची पेंढी पार्वताबाईंच्या हातात तशीच होती. त्या ओरडत होत्या, "बंद करा जी! कोणी तरी बंद करा!"

इंजिन बंद करायचा दांडा पट्ट्याच्या पलीकडे. मी अलीकडे. मी उभा राहिलो. पट्टा तुटला, तेव्हा यंत्र थांबलं. दवाखान्यात नेताना नागभीडचं रेल्वे फाटक यायच्या आत देवाजीभाऊ ट्रॉलीतच गेले.

त्या पट्ट्यावर जाळी होती. पिंजऱ्यासारखी, चार नटांची. पावसाळ्यात पाहुणे आले, त्यांनी महाविद्यालयाच्या फाटकाजवळ रोप लावलं. बकऱ्या खातील म्हणून यंत्राची जाळी काढून त्या रोपाभोवती बसवली. आपण टाळ्या वाजवल्या. मीही.

मळणी सुरू व्हायच्या आधी देवाजीभाऊ हातानं लिहिलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी वाचला आणि म्हणालो, "भाऊ, असं लिहीत नाहीत."

"मंग मेल्यावर लिवू का, सर?"

मी हसलो. ते हसले नाहीत. कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमच्या पुस्तकाले पुठ्ठा हाय. झाडाले जाळी हाय. मीच काऊन उघडा?"

मी त्यांचा अर्ज सुधारला. लिहिलं, 'सदर यंत्राच्या संरक्षक जाळीबाबत सोयीनुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' सोयीनुसार. हा शब्द माझा आहे. देवाजीभाऊंनी तो कधी उच्चारलाही नसेल. अर्जावर सही झाली. तो फाइलमध्ये गेला. कोणाची सोय झाली नाही.

काल मला प्राचार्यांकडून बोलावणं आलं. तुमची भाषा चांगली, अपघाताचा अहवाल तुम्हीच लिहा. एक वाक्य तयारच होतं : कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. दुपट्टा गळ्यात होता म्हणे. थंडीत कोणाच्या गळ्यात नव्हता? माझ्या गळ्यात मफलर होता.

पार्वताबाई, ते वाक्य मी लिहिणार नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं, तर त्यावर सचिवाची सही होणार नाही. अहवालाला मी देवाजीभाऊंचा पहिला कागद जोडतो आहे. तो माझ्या खणात होता. त्यांचा आहे तसा वाचतो.

'साहेब, पट्ट्याची जाळी झाडाले लावली. झाड माणसाले खात नाई. पट्टा खाते. एक दिवस कोणाले तरी वढून घेईन, मंग त्याले सोडवाले कोणाचा हात जाणार नाई. जाळी वापस द्या.'

मी यातलं एकही वाक्य ठेवलं नव्हतं.

उद्या सकाळी नवा पट्टा चढणार आहे, मळणी पुन्हा सुरू होणार आहे. पेंढ्या द्यायला याच बायका उभ्या राहतील.

आपण श्रद्धांजलीला इथं उभे राहू नये. फाटकाजवळ चला, त्या झाडापाशी. हा देवाजीभाऊंचा पाना. यंत्राशेजारी पडला होता. जाळीचे चार नट मी काढणार आहे. ते गंजले आहेत, आणि मला या कामाची सवय नाही. वेळ लागेल.

तेवढा वेळ कोणी बोलू नका.